ऊर्मिलाचा कोट आणि शाळेची सोडत

मी एक कोट बोलतोय. लोकरीचा, राखाडी-निळ्या रंगाचा, गुडघ्याखाली थोडा उतरणारा, बायकांसाठी बेतलेला. तुम्ही म्हणाल, कोटाला काय कळतं? मला दोनच गोष्टी कळतात, थंडी आणि भीती. थंडी बाहेरून येते, तिला मी अडवतो. भीती आतून येते, तिच्यापुढे माझं काही चालत नाही. माणसाच्या छातीत धडधड सुरू झाली की ती आधी माझ्या अस्तराला जाणवते. चेहऱ्यावर हसू ठेवून माणसं जगाला फसवतात, पण अंगावरच्या कोटाला फसवता येत नाही.

माझा जन्म दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्या गावी, शिवणकामाच्या कारखान्यात झाला. कापड जाड होतं, सुई मोडायची, आणि मला शिवणारी बाई दर वेळी एक शिवी हासडून नवी सुई लावायची. तिथून मी दुकानाच्या काचेत आलो आणि तिथून फ्राऊ कास्टनरांच्या अंगावर. त्या पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. त्यांना फुटपाथवरच्या गोठलेल्या बर्फाखेरीज कशाचीच भीती वाटत नसे. रविवारी केक खायला जायच्या आणि उरलेली बिस्किटं कागदात गुंडाळून माझ्या खिशात ठेवायच्या. माझे ते दिवस फार सुखाचे गेले. पुढे त्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या, तिथे कपाट लहान होतं. त्यांच्या मुलीने मला हायडेलबर्गच्या जुन्या बाजारात नेऊन टांगलं.

तिथे मला ऊर्मिला सबनीसने उचललं. नवऱ्याबरोबर पुण्याहून आलेली, पहिलाच नोव्हेंबर, आणि अंगात नुसतं स्वेटर. देवदत्त वाल्डॉर्फच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. त्यांना राहायला जागा मिळाली हायडेलबर्गला, तिसऱ्या मजल्यावर. त्या संध्याकाळी ऊर्मिलाने मला घालून स्काइपवर सासूबाईंना दाखवलं.

"कोणाचा गं तो?" त्यांनी विचारलं.

"सेकंडहँड आहे, आई. पण बघा ना किती छान आहे."

"मेलेल्या बाईचा असला तर? धुऊन घे हो चांगला."

"अहो आई, लोकर आहे, धुतला तर मुक्ताच्या मापाचा होईल!"

मुक्ता ऊर्मिला-देवदत्तची मुलगी. तेव्हा सहा वर्षांची. पुण्यात पहिली अर्धवट टाकून आलेली, इथे मधूनच पहिलीत बसवलेली. रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी आली की ती माझी पुढची बाजू उघडायची आणि आत शिरायची. ऊर्मिला तिला हळूच बाहेर काढायची. "जा राणी, बाई वाट बघतायत." मुक्ता जायची, पण मान खाली घालून, ओठ घट्ट मिटून.

ते ओठ शाळेत उघडलेच नाहीत. घरी पोरगी पोपटासारखी बोले. दोन वर्षांत जर्मन तर अशी बोलू लागली की आईने मराठीत विचारावं आणि हिने जर्मनमध्ये उत्तर द्यावं. पण शाळेत बाईंनी काही विचारलं की घशाला कुलूप. लिहायला दिलं तर लिही. बोलायला सांगितलं की टेबलाकडे बघत बसे. ऊर्मिलाला वाटायचं, होईल हळूहळू. दुसरी झाली, तिसरी झाली, आणि २०१०च्या शरदात मुक्ता चौथीत गेली.

इथे चौथीचं वर्ष फार जिवावरचं असतं. चौथी संपली की मुलांच्या तीन वाटा होतात. गिम्नाझियुमला गेलेली मुलं पुढे विद्यापीठापर्यंत जातात. रेआलशूल मधली वाट. आणि हाउप्टशूलची मुलं लवकर शाळा संपवून कामाला लागतात. कोणी कुठल्या वाटेला लागायचं ते वर्गशिक्षिका सांगते, आणि त्या काळी आमच्या राज्यात तिचा शब्द आईबापांना सहजी मोडता येत नसे. दहा वर्षांचं पोर! ज्याला अजून बुटाची नाडी धड बांधता येत नाही, त्याचं पुढचं सगळं ठरवून मोकळे.

फेब्रुवारीत वर्गशिक्षिका फ्राऊ लिंडनरनी ऊर्मिला-देवदत्तला बोलावलं. वर्गात हीटर चालू होता, तरी ऊर्मिलाने मला अंगावरून काढलं नाही. मुलांच्या बुटक्या खुर्चीत ती अवघडून बसली आणि दोन्ही हात माझ्या खिशात घातले. मुठी वळलेल्या, घामाने ओल्या.

"आल्झो, तर फ्राऊ सबनीस," बाई हळू आणि स्पष्ट बोलत होत्या, "मुक्ता गोड मुलगी आहे. लेखी काम ठीक करते. पण वर्गात ती एक शब्द बोलत नाही. तिला काय समजतं आणि काय नाही, हे मला चार वर्षांत कळलेलं नाही."

"घरी ती दिवसभर बोलते," ऊर्मिला म्हणाली. "जर्मनमध्येच बोलते."

"असेल. मी ऐकलेलं नाही." बाईंच्या आवाजात दुष्टावा नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. "माझी शिफारस हाउप्टशूलची आहे. तिथे तिला दडपण येणार नाही."

देवदत्त काहीतरी जोरात बोलायला गेला आणि नेमकं त्याचं जर्मन अडखळलं. तो इंग्लिशवर गेला, बाई जर्मनवरच राहिल्या. शिफारस मान्य नसेल तर वेगळी परीक्षा देता येते, असं त्यांनी सांगितलं. पण अनोळखी परीक्षकासमोर मुक्ताच्या तोंडून शब्द फुटणार नाही, हे त्या खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. ऊर्मिलाचं काळीज तेव्हा असं काही धडधडत होतं, की मला वाटलं माझी वरची गुंडी आता तुटणार.

वाट एकच उरली. शहरात एक गेसाम्टशूल होती. तिथे तिन्ही वाटांची मुलं एकाच छपराखाली शिकत, आणि कोण कुठे जाणार याचा निर्णय दहावीपर्यंत लांबत असे. तिथल्या मुलांना विद्यापीठाचं दारही उघडं असे. पण सगळ्या घाबरलेल्या आईबापांना हीच एक शाळा दिसायची. अर्ज इतके यायचे की जागा पुरत नसत, म्हणून सोडत निघायची. चिठ्ठी निघाली तर आत, नाही तर नाही.

त्या दिवसापासून घराचा सूरच बदलला. ऊर्मिला रोज अथर्वशीर्ष म्हणू लागली, मध्येच अडकली की पुन्हा पहिल्यापासून. शाळेच्या फाटकापाशी आया भेटायच्या, एकमेकींना हसून विचारायच्या, "तुमचं काय ठरलं?" आणि हसूनच खोटं सांगायच्या. "अजून बघतोय." "आम्ही काही टेन्शन घेत नाही बाई." मी ऊर्मिलाच्या अंगावरून त्यांच्या कोटांना घासून जायचो. एकही कोट शांत नव्हता. फक्त प्रभा खरं बोलायची. ती ऊर्मिलाची मैत्रीण, तिचाही नवरा वाल्डॉर्फलाच. तिच्या अन्वीला मधल्या वाटेची शिफारस होती, पण तिनेही गेसाम्टशूलचा अर्ज भरला होता. "मला तर रात्रीची झोप नाही गं," ती म्हणायची, "आणि सासरी सांगितलंय की इथे सगळ्या शाळा सारख्याच असतात."

देवदत्तची तऱ्हा वेगळी. तो घाबरला की ओरडे. एका संध्याकाळी तो दाराजवळच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारत पुण्याला बहिणीशी फोनवर बोलत होता. मी तिथेच खुंटीला होतो.

"ताई, इथे हिचं काही खरं नाही. नंबर लागला नाही तर सरळ तुझ्याकडे पाठवतो मुक्ताला. तिथे निदान नीट शिकेल तरी. ऊर्मिला? तिला मी समजावतो. बॅगा काय, एका दिवसात भरतो."

तो बोलत बोलत बैठकीच्या खोलीत गेला. माझ्याखाली, बुटांच्या फळीशी, मुक्ता बसली होती. पाय बुटात घातलेला आणि हात थांबलेला. मराठीत उत्तरं देत नसली तरी तिला मराठी शब्द न् शब्द कळत होता. तिने वर हात करून माझी बाही धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मग बूट काढून ठेवले आणि खोलीत निघून गेली. खेळायला जायचं होतं, तेही विसरली.

मी पाहिलं ते कुणाला सांगणार? मला जीभ नाही.

मार्चमधल्या एका दुपारी सोडत होती. शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडल्या होत्या, रबराचा आणि घामट मोज्यांचा वास येत होता. देवदत्तला मीटिंग होती, म्हणून ऊर्मिला आणि प्रभा शेजारीशेजारी बसल्या. मुलांना आणायचं नव्हतं. मुक्ता शाळा सुटल्यावर नेहमीप्रमाणे होर्टमध्ये, म्हणजे मुलं सांभाळतात तिथे, जाणार होती. समोरच्या टेबलावर काचेचं मोठं भांडं, त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. मुख्याध्यापकांनी बाह्या वर सारल्या, जणू आत लबाडी नाही हे दाखवायला, आणि पहिली चिठ्ठी काढली.

नंबर वाचला की कुठेतरी खुर्ची करकरे, कोणीतरी श्वास सोडे. बाकीचे न बघितल्यासारखं करत. एक बाप उठून सरळ बाहेर गेला आणि खिडकीतून दिसला, भिंतीला कपाळ लावून रडत होता. त्याचा नंबर लागला होता.

"अन्वीचा!" प्रभा एकदम म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. ऊर्मिलाने तिचा हात दाबला. खरंच आनंदाने दाबला, मला कळत होतं. पण भांड्यातल्या चिठ्ठ्या कमी होत चालल्या होत्या आणि तिची बोटं बर्फासारखी होती.

तेवढ्यात माझ्या उजव्या खिशात फोन थरथरला. ऊर्मिलाने तो बंद करायला काढला, नाव बघितलं आणि वाकून कानाला लावला. होर्टमधून फोन होता. मुक्ता आज आली नव्हती. शाळेतून तर वेळेवर निघाली होती.

"काय झालं?" प्रभाने विचारलं.

"मुक्ता... मुक्ता पोचली नाही."

"तू जा. मी थांबते इथे. जा ना!"

ऊर्मिला उठली. समोर पुढचा नंबर वाचला जात होता, पण तिच्या कानावर तो पडलाच नाही. महिनाभर जिच्यासाठी जीव टांगणीला लावला, त्या सोडतीकडे पाठ करून ती पळत सुटली.

ट्रामची वाट बघायला ती थांबली नाही. धावताना माझे पल्ले तिच्या गुडघ्यांत अडकत होते. आधी शाळा. पटांगण रिकामं, फक्त सफाईवाला बादली ओतत होता. मग खेळाचं मैदान. मग नेकारचा काठ, कारण मुक्ताला बदकं आवडत. वरच्या डोंगरातलं बर्फ वितळून नदी फुगली होती. पाणी मातकट, वेगाने चाललेलं, काठावरचं गवत अर्धं बुडालेलं. ऊर्मिला त्या पाण्याकडे बघत उभी राहिली आणि तिच्या छातीतली धडधड क्षणभर थांबलीच. इतक्या वर्षांत एवढी भीती मी कधी अनुभवली नव्हती.

एक सायकलवाला येत होता. तिने त्याला अडवलं. "माझी मुलगी बघितलीत का? एवढी आहे, लाल टोपी आहे!" तो गोंधळून बघत राहिला. ती मराठीत बोलत होती. जर्मन सगळं डोक्यातून पुसून गेलं होतं. शेवटी तिने फक्त हाताने उंची दाखवली. त्याने मान हलवली, बिचारा सायकल टाकून दोन-चार पावलं तिच्याबरोबर चाललासुद्धा.

तिने देवदत्तला फोन केला. "देव, मुक्ता नाहीये. कुठेच नाहीये."

"म्हणजे? नाहीये म्हणजे काय?" आणि मग पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज. "निघालो. पोलिसांना फोन करतो. तू घरी बघितलंस?"

घराच्या किल्ल्या मुक्ताकडे नव्हत्या, फक्त तिच्या सायकलसाठी तळघराची एक होती. तरी ऊर्मिला घरी गेली, कारण नुसतं पायी शोधून भागणार नव्हतं, सायकल हवी होती, आणि सायकल तळघरात होती. इथे प्रत्येक बिऱ्हाडाला खाली लाकडी पट्ट्यांचा एकेक कप्पा असतो. तिने दिव्याचं बटण दाबलं, जिना उतरली आणि थबकली.

आपल्या कप्प्यात, विमानप्रवासाच्या तीन मोठ्या बॅगांवर, मुक्ता बसली होती. लाल टोपी, निळे पडलेले ओठ. तिन्ही बॅगांच्या मुठींतून तिने आपल्या सायकलची साखळी ओवली होती, ती लाकडी पट्टीला अडकवून कुलूप लावलं होतं, आणि कुलपाची चावी मुठीत गच्च धरली होती.

"मुक्ता!"

मुक्ता मागे सरकली. "नाइन! इश गे निश्ट!" ती ओरडली. मी जाणार नाही! आणि मग, जी दोन वर्षं आईशी जर्मनमध्ये बोलत होती, ती मराठीत बोलायला लागली, तुटकतुटक, सहा वर्षांची असताना बोलायची तसं. "मला आत्याकडे नको पाठवू. बॅगा नको भरू. आई, मी बोलते ना शाळेत. उद्यापासून बोलते. फ्राऊ लिंडनरला सांग, मी बोलते."

दिवा आपोआप बंद झाला. इथल्या तळघरांतले दिवे थोड्या वेळाने विझतात. अंधारात ऊर्मिला चाचपडत पुढे गेली, माझ्या गुंड्या सोडल्या आणि पोरीला आत ओढून घेतलं. आता मुक्ता मोठी झाली होती, माझ्यात मावत नव्हती, पाठ बाहेरच राहिली. दोघींची धडधड एकाच वेळी माझ्या अस्तरावर आपटत होती. कुठली कुणाची, सांगता येत नव्हतं.

"कोण पाठवतंय तुला? कोणी नाही पाठवत, माझ्या राणी. कोणी म्हणालं?"

"बाबा."

ऊर्मिलाने फोन केला, आणि थोड्या वेळाने बाबा धापा टाकत जिना उतरला. त्याने ती साखळी बघितली, बॅगा बघितल्या. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. ऑफिसच्या कपड्यांतच तो तळघराच्या फरशीवर बसला.

"मुक्ता, मी तसं म्हणालो होतो. पण पाठवणार नव्हतो गं. मी घाबरलो होतो."

मुक्ताने कोटातून तोंड बाहेर काढलं. "तू? बाबा घाबरतात?"

"हो. खूप," देवदत्त म्हणाला. "इथे मला काही कळत नाही कधीकधी. त्या शाळेत तुझ्या बाईंशी बोलताना माझीसुद्धा बोबडी वळते."

मुक्ता त्याच्याकडे सरकली. "माझी पण," ती म्हणाली.

तेव्हाच माझ्या खिशातला फोन वाजला. प्रभा होती. आधी तिने मुक्ता सापडली का ते विचारलं, मग रडली. "ऊर्मिला, तुमचा नंबर नाही लागला गं. प्रतीक्षा यादीत आहे, पण खूप खाली."

"बरं," ऊर्मिला म्हणाली. "अन्वीला शाबासकी दे."

तिने फोन खिशात टाकला. ज्या बातमीला ती महिनाभर घाबरत होती, ती बातमी येऊन गेली होती, आणि तिघं अजून तळघरातच, एकमेकांना धरून बसली होती. भीती गेली होती असं मी म्हणणार नाही. ती होतीच. पण आता तिघांना मिळून एकच होती.

यादी हलली नाही. सप्टेंबरात मुक्ता हाउप्टशूलला गेली. आणि आईबापांची भीती अगदीच खोटी नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. पहिल्या महिन्यात कोणीतरी तिच्या दप्तरात थुंकलं. ती घरी येऊन माझ्याखाली पॅसेजमध्ये बसून रडली. पुढच्याच वर्षी सरकारने तो नियमही बदलला, शिक्षिकेचा शब्द सक्तीचा राहिला नाही. देवदत्तने ती बातमी पेपरात दोनदा वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि त्या दिवशी जेवला नाही.

पण त्या वर्गात निम्मी मुलं दुसऱ्या देशांतून आलेली होती. कोणाचंच जर्मन धड नव्हतं आणि मुक्ताचं सगळ्यांत बरं होतं. शेजारी बसणाऱ्या सर्बियन मुलीला गणित समजेना, तर मुक्ताने तिला समजावून सांगितलं. आधी कुजबुजत, मग नेहमीच्या आवाजात. बाईंनी ते ऐकलं. पुढे दोन वर्षांनी ती रेआलशूलला गेली. त्यापुढे काय होईल ते कोणालाच माहीत नव्हतं. देवदत्त अजून तिच्या गुणपत्रकाची वाट बघताना नखं खायचा.

मग ऊर्मिलाने पिसांचं हलकं जाकीट घेतलं आणि मला कपाटात मागे ढकललं. दोन हिवाळे मी अंधारात काढले. कसरीने माझी कॉलर खाल्ली. २०१५च्या शरदात शहरात युद्धातून पळून आलेली कितीतरी माणसं आली, तेव्हा ऊर्मिलाने मला बाहेर काढलं, कॉलर रफू केली, आणि जिथे कपडे वाटत होते तिथे मला देऊन आली. जाताना तिने माझ्या दोन्ही खिशांत हात घालून पाहिलं, काही राहिलं नाही ना.

आता मी एका सीरियन बाईच्या अंगावर आहे. तिची भाषा मला येत नाही. तिच्याबरोबर मदतीला येणारी बाई तिला काल जर्मनमध्ये, हातवारे करत सांगत होती, की उद्या सकाळी तिच्या लेकीचा इथल्या शाळेतला पहिला दिवस आहे. ती मान हलवत राहिली. किती समजलं, कोण जाणे.

आईबापांनो, एका जुन्या कोटाचं ऐकाल? घाबरू नका, असं मी सांगणार नाही. इतकी वर्षं तुमच्या छातीला टेकून काढल्यावर ते माझ्या तोंडी शोभायचं नाही. पण तुमची भीती मुलांना अर्धी ऐकू देऊ नका. उरलेली अर्धी ती अंधारात स्वतः रचतात, आणि ती फार मोठी असते. पूर्ण सांगा. नीट, जवळ बसवून सांगा.

बस आली आहे. पोरगी पायरीवर थबकली, आईने तिला पुढे घातलं, आणि दार मिटताना माझा पल्ला आत ओढून घेतला. येतो मी.